हसवणाऱ्याची मजुरी

तमाशातला सोंगाड्या आपण सर्वांनी पाहिला आहे. बहुरूपीही पाहिला आहे. तो पोलीस होऊन दारात येतो. घरची माणसे क्षणभर घाबरतात आणि मग हसत सुटतात. जाताना त्याला मूठभर धान्य मिळते. ते धान्य भीक नव्हे. ती त्याची मजुरी आहे.

हसवणे हे काम आहे, हे पुष्कळांना पटत नाही. "त्यात काय एवढं? चार थट्टेच्या गोष्टी सांगायच्या!" असे लोक म्हणतात. म्हणून आज अशाच एका कामकऱ्याची हकिगत सांगतो. त्याचे नाव जॉनी लिव्हर.

जॉनीचा जन्म १९५७ साली आंध्र प्रदेशात झाला. घरची भाषा तेलुगू. तो वाढला मात्र मुंबईत, धारावीच्या गरीब वस्तीत. घरी पैशाची ओढाताण होती. सातवीनंतर शाळा सुटली. पोरगा रस्त्यावर पेन विकू लागला.

आता पेन विकणारे मुंबईत काय थोडे आहेत? लोकांनी याच्याकडूनच का घ्यावे? जॉनीने एक युक्ती केली. सिनेमातल्या नटांचे आवाज काढून, त्यांच्यासारखे नाचून तो पेन विकू लागला. लोक थांबत, हसत आणि पेन घेत.

पुढे त्याला हिंदुस्तान लिव्हर या साबणाच्या कंपनीत मजुराचे काम मिळाले. त्याचे वडीलही तिथेच होते. जॉनी जड पिंपे उचलायचा आणि उचलता उचलता माणसे न्याहाळायचा. कोण कसा चालतो, कोण कसा बोलतो, रागावला म्हणजे कसा दिसतो, हे सारे तो टिपून ठेवी. एकदा कंपनीच्या समारंभात त्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या. कामगार हसून बेजार झाले. त्यांनीच त्याला 'जॉनी लिव्हर' हे नाव दिले. तेच नाव पुढे देशभर झाले.

१९८१ साली त्याने ती नोकरी सोडली. विचार करा बरं! दरमहाचा पगार सोडायचा आणि लोकांच्या हसण्यावर घर चालवायचे. लोक हसले नाहीत तर चूल कशी पेटणार?

जॉनीने आधी रंगमंच धरला. कल्याणजी-आनंदजी या संगीतकारांच्या कार्यक्रमांतून तो नकला करी. रंगमंचावर हसवणारा एकटाच उभा असतो. पण तिथे एक सोय असते. लोक हसले की लगेच कळते. हसले नाहीत तर तो तिथल्या तिथे बोलणे बदलतो.

१९८२ साली 'दर्द का रिश्ता' या चित्रपटात सुनील दत्त यांनी त्याला काम दिले. पण चित्रपटाचे काम वेगळे. कॅमेऱ्यापुढे कोणी हसत नाही. हसले तर आवाज बिघडतो! एकच विनोद पुन्हा पुन्हा करावा लागतो. लोक हसतील की नाही, ते पुष्कळ महिन्यांनी कळते. हे नवे काम शिकायला वेळ लागतो. जॉनीचे सिनेमात मोठे नाव झाले ते १९९३ च्या 'बाजीगर'मुळे. मधे अकरा वर्षे गेली होती. पुढे 'दीवाना मस्ताना' आणि 'दूल्हे राजा' या चित्रपटांतील कामासाठी त्याला फिल्मफेअर पारितोषिके मिळाली.

मग टेलिव्हिजन आला. जॉनीने तिथेही कार्यक्रम केले. तिथली अडचण निराळीच. रंगमंचावरची एक नकल गावोगाव वर्षभर चालते, कारण प्रत्येक गावचे लोक नवे असतात. टेलिव्हिजनवर ती एका रात्रीत साऱ्या देशाने पाहिली की दुसऱ्या दिवशी शिळी! दर वेळी नवे हवे. शेत एकच, पण दर आठवड्याला पीक मागायचे, तसे हे.

शाळा सुटली म्हणून जॉनी मोठा झाला, असे मात्र कोणी समजू नये. ती गरिबीची अडचण होती. तो मोठा झाला तो माणसे बारकाईने पाहण्यामुळे आणि सवय न सोडल्यामुळे. आज त्याची मुलगी जेमी हाच व्यवसाय करते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पिंपे उचलणाऱ्या मजुराने साहेबाची नकल केली, म्हणून सर्वांना हसू आले. तेच साहेबाने मजुराची केली असती, तर ते कामगारांना बोचले असते. लंगड्याच्या चालीची, तोतऱ्याच्या बोलण्याची नकल करून आपण कधी कधी हसतो. तेव्हा त्या माणसाच्या तोंडाकडे एकदा पाहावे. तो हसत नसेल, तर तो विनोद नव्हे. पुढच्या जत्रेत सोंगाड्या पाहाल, तेव्हा तो कोणाची नकल करतो ते नीट बघा. आणि मनापासून हसलात, तर त्याची मजुरी द्यायला विसरू नका.