परक्या घरात एक वर्ष



पोराला शिकायला बाहेर धाडायचं म्हणजे आपल्याकडं कोल्हापूर, नाहीतर पुणं. पण सोळा-सतरा वर्षांचं पोर वर्षभर परदेशी शाळेत घालायची रीतही काही कालची नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्समध्ये जखमी सैनिक वाहून नेण्यासाठी 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' उभी राहिली. दुसरं महायुद्ध संपल्यावर याच गाडीवाल्यांनी ठरवलं, की माणसं एकमेकांना ओळखायची तर मुलं एकमेकांच्या घरी राहिली पाहिजेत. १९४७ साली १० देशांतली ५२ मुलं अमेरिकेत गेली.

यातली गोम शाळेत नाही, घरात आहे. मूल एका कुटुंबात राहतं आणि ते कुटुंब सहसा त्याचे पैसे घेत नाही. म्हणजे पोर तिथं पाहुणं नव्हे. आपलं ताट आपण विसळायचं, कचरा बाहेर टाकायचा, उशीर होणार असेल तर कळवायचं. सुरुवातीला भाषा कळत नाही, जेवण घशाखाली उतरत नाही. रोज घरी फोन करणाऱ्याचं रडणं उलट लांबतं. ज्याला 'मला समजलं नाही' म्हणायला लाज वाटेनाशी होते, तो रुळला.

अवघड भाग परत आल्यावरचा. आपलंच गाव परकं वाटतं. पोर विचारतं, आई शेवटी का जेवते? बापाला तो उद्धटपणा वाटतो. (बाप तरी काय करणार, त्याला हे कुणी विचारलेलंच नसतं!) तेव्हा महिनाभर तरी दोघांनी दमानं घ्यावं.

खर्च मोठा आहे. शिष्यवृत्तीची चौकशी करावी. आणि राहिलेली इयत्ता पुन्हा करावी लागेल का, हे जाण्याआधी शाळेकडून लेखी घ्यावं.