जुनी म्हणजे दुर्मीळ नव्हे

माळा साफ करताना आजोबांच्या रेकॉर्डचं खोकं सापडलं की घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, भंगारवाल्याला देऊन टाका. दुसऱ्याने कुठेतरी वाचलेलं असतं की जुन्या रेकॉर्डना लाखांत किंमत येते. भंगारात देणं चूक, हे खरं. पण लाखांची स्वप्नं पाहणाऱ्यालाही बहुधा निराशाच वाट्याला येते. खोक्यात असतात बालगंधर्वांची नाट्यपदं, सैगलची दोन-चार गाणी आणि ‘शोले’च्या संवादांची एल.पी. ही सगळी गाजलेली, म्हणूनच घरोघर गेलेली. ‘शोले’ची पॉलिडॉरची संवाद-रेकॉर्ड तर १९७५नंतर चहाच्या टपरीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत वाजत होती. ती आज जुन्या बाजारात दिसली तर नवल वाटायचं कारण नाही.

रेकॉर्डचं वय आणि तिचं दुर्मीळपण यांचा संबंध लोकांना वाटतो तेवढा नसतो. प्रती किती निघाल्या, त्यांतल्या किती टिकल्या आणि आज ती किती जणांना हवी आहे, यावर सगळं ठरतं. यातून एक गमतीशीर नियम निघतो. आपल्या काळात जी सपाटून पडली, ती पुढे दुर्मीळ होते. जिला गिऱ्हाईकच मिळालं नाही तिच्या प्रती कमी निघतात, आणि निघालेल्याही कुणी जपत नाही. विचित्र, अनवट रेकॉर्डच्या मागे लागणारे लोक खरं तर अपयश गोळा करत असतात, आणि मला तरी त्यात काही गैर दिसत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबईचंच आहे. चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. स्टुडिओत बोलावणं आलं की जायचं, गिटार किंवा कीबोर्ड वाजवायचं आणि परत यायचं. ८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं हाताशी घेतली: टीआर-८०८ हे ताल देणारं, टीबी-३०३ हे बेसचं आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांवर भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. १९८२ साली एच.एम.व्ही.साठी ही एल.पी. तयार झाली. तिला ना रागसंगीतवाल्यांनी विचारलं, ना डिस्कोवाल्यांनी. जवळजवळ वीस वर्षांनी, २००२ साली, एडो बाऊमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीत तिची एक प्रत मिळाली. त्यांनी २०१० साली ती पुन्हा काढली आणि युरोपातले तरुण चक्रावले, कारण त्यात ऐकू येत होतं ते त्यांच्या ओळखीचं ‘ॲसिड हाउस’ संगीत, आणि तेही त्या संगीताचा जन्म व्हायच्या आधीचं. काहींना तर हे थोतांडच वाटलं. कुणीतरी हल्लीच बनवून जुन्या कव्हरात घातलं असावं, अशी शंका त्यांनी काढली. पण रेकॉर्ड अस्सल होती. चरणजीत सिंग तेव्हा सत्तरीत होते. पुढे त्यांनी परदेशात याचे कार्यक्रमही केले. २०१५ साली ते वारले.

इथेच दुसरा गैरसमज तयार झाला: ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला. अभिमानाने सांगायला ही गोष्ट फार सोयीची आहे, पण तशी घडलेली नाही. शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ साली आली, आणि त्या मुलांपर्यंत ही मुंबईची एल.पी. पोचली होती असं मानायला काहीच आधार नाही. दोन्हीकडे यंत्र एकच होतं, टीबी-३०३. बेस गिटारची जागा घ्यायला ते बनवलं होतं आणि त्या कामात ते साफ फसलं. त्याचे स्वर मात्र घसरत, वाकत एकमेकांत मिसळतात. चरणजीत सिंगांना त्यात मींड सापडली, शिकागोच्या पोरांना नाचायची नशा. एकाच यंत्रातून दोन शहरांत स्वतंत्रपणे तोच आवाज निघाला, ही हकीकत शोधाच्या दाव्यापेक्षा मला जास्त रंजक वाटते.

अनवट रेकॉर्ड म्हणजे परदेशीच, ही समजूतही यातूनच मोडीत निघते. शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ १९६८ची. तिच्यात रईस खाँची सतार आणि जॅझचे वादक एकत्र आहेत. त्या काळातल्या मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ट्रम्पेट, पियानो, ड्रम्स वाजवणारे बरेच जण गोव्याचे होते, आणि त्यांच्याशिवाय हे घडलं नसतं. कोलकात्याच्या रूपा बिस्वास यांची ‘डिस्को जॅझ’ कॅनडातल्या कॅलगरीत ध्वनिमुद्रित झाली. तीही १९८२ची, तीही पडलेली, आणि २०१९मध्ये पुन्हा निघालेली. सिगारेट कंपनीने भरवलेल्या सिमला बीट स्पर्धेतल्या कॉलेजी बँडच्या १९७० आणि ७१च्या रेकॉर्ड तर आज युरोप-अमेरिकेतले संग्राहक शोधत असतात.

आता जरा खालच्या पायरीवरचे घोळ. जुनी काळी तबकडी म्हणजे व्हायनल, असं सर्रास म्हटलं जातं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या व्हायनलच्या नव्हत्या, लाखेच्या होत्या. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचं ते मिश्रण. लाख जायची आपल्याकडूनच, छोटा नागपूरसारख्या भागातून. १९०८ साली कोलकात्यात सियालदहला कारखाना निघेपर्यंत आपल्या गायकांचा आवाजही मेणाच्या तबकडीवरून जर्मनीत हॅनोव्हरला जायचा आणि छापून परत यायचा. व्हायनलची एल.पी. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने आणली. पाश्चात्य देशांत १९६०च्या आसपास ७८च्या तबकड्या संपल्या. आपल्याकडे त्या पुढेही चालू राहिल्या, कारण वीज नसलेल्या घरांत चावीचा फोनोच वाजत होता. त्यामुळेच बीटल्सची गाणी लाखेच्या तबकडीवर भारतात छापली गेली. इंग्लंडमधल्या संग्राहकाला हे चमत्कारिक वाटतं आणि तो त्यासाठी चांगले पैसे मोजतो. माळ्यावरच्या खोक्यात ‘लाखांचं’ काही निघायचंच असेल तर ते सैगलच्या खाली दबलेलं असं काहीतरी असेल.

लाख आणि व्हायनल यांतला फरक न कळल्याने नुकसानही होतं. रेकॉर्ड स्पिरिटने पुसावी, असा सल्ला कुठेही मिळतो. व्हायनलला त्याने सहसा फार अपाय होत नाही. लाख मात्र स्पिरिटमध्ये विरघळते, सुताराला विचारा. गाणं अक्षरशः फडक्यावर येतं. लाखेच्या तबकडीला साधं पाणी, किंचित सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरतं. लेबल तेवढं कोरडं ठेवायचं. तसंच सुईचं. ७८ची खाच एल.पी.च्या खाचेच्या साधारण तिप्पट रुंद असते. एल.पी.ची सुई तिच्यात तळाशी जाऊन खरखरते आणि ऐकणारा तबकडीलाच दोष देतो. उलट, चावीच्या फोनोवर एल.पी. ठेवली तर पोलादी पिन ती नांगरून काढते. रेकॉर्ड आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या ठेवायच्या. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, तिच्यावरही नजर हवी.

७८चा वेगही नेहमी ७८ नसतो. सुरुवातीच्या काळात कंपन्या कधी सत्तरच्या आसपास, कधी ऐंशीच्या वर तबकडी फिरवत मुद्रण करत. आज ती बिनदिक्कत ७८वर वाजवली की गायकाची पट्टी बदलते. जुन्या गवयांच्या पट्टीबद्दल ठाम मतं मांडणाऱ्यांनी आधी वेग तपासलेला बरा.

‘भारतातलं पहिलं ध्वनिमुद्रण गौहरजानचं’ हे वाक्य तर पाठ्यपुस्तकी झालं आहे. नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आला तेव्हा गौहरजानच्या आधी त्याने सोशीमुखी आणि फणीबाला या दोन मुलींची गाणी घेतली होती. १८९९ साली लंडनमध्ये काही भारतीयांचे आवाज त्याही आधी मुद्रित झाले होते. गौहरजान पहिली मोठी तारका ठरली, आणि तो मान पुरेसा आहे. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, त्याला लोक तोरा म्हणतात. हॅनोव्हरच्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं हे कळावं, म्हणून तशी पद्धत होती. इतर गायकही नाव सांगत.

आवाजाबद्दलचं भांडण मी थोडक्यात आटोपतो. व्हायनलचा आवाज सीडीपेक्षा ‘अधिक खरा’ असतो, हे मोजमापात टिकत नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर जास्त मावतं. शिवाय आज निघणाऱ्या अनेक एल.पी. डिजिटल प्रतीवरूनच कापलेल्या असतात. एका नामांकित अमेरिकी कंपनीबद्दल २०२२ साली हे उघड झालं तेव्हा तिच्याच भक्तांनी आकांडतांडव केलं होतं, आणि तोवर त्यांतल्या कुणाच्याही कानाला फरक कळला नव्हता. व्हायनल आवडतं म्हणून ऐकावं. त्याला विज्ञानाचा टेकू कशाला?

शेवटचा गैरसमज सगळ्यांत घातक: सगळं आता इंटरनेटवर आहे, तबकडी सांभाळायची गरज काय? सिनेमाची गाणी आहेत, हे मान्य. पण पोवाडे, कीर्तनं, नकला, भाषणं, हौशी गायकांची एक-दोनच गाणी, लहान कंपन्यांच्या कोकणी आणि मराठी तबकड्या यांतलं पुष्कळसं कुठेच चढलेलं नाही. मुंबईतल्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीचं ‘यंग इंडिया’ लेबल १९३५च्या सुमारास सुरू झालं आणि दोनेक दशकं चाललं. मोठ्या कंपन्यांनी न घेतलेले असंख्य आवाज त्यावर आहेत. कंपनी बुडाली, त्यामुळे पुन्हा प्रती काढणारं कुणी उरलं नाही. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मुंबईची संस्था आणि तिचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने या तबकड्यांचं डिजिटायझेशन हाती घेतलं, ते संग्राहकांच्या घरांतून एकेक तबकडी मिळवून. तेव्हा खोकं उघडलंत तर आधी लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांक, दोन्ही बाजूंचे, वहीत उतरवून घ्या. गायकाचं नाव ओळखीचं नसेल तर आणखी काळजीपूर्वक.