निवृत्ती तेविसाव्या वर्षी, कारण मधुमेह

४ ऑक्टोबर २०१३ रोजी लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या संगणकावरच्या खेळाची जागतिक अंतिम लढत झाली. दक्षिण कोरियाच्या संघात १७ वर्षांचा ली सांग-ह्योक होता, खेळाडूंमध्ये त्याचं नाव ‘फेकर’. समोरच्या चिनी संघात १६ वर्षांचा जियान झिहाओ, म्हणजे ‘उझी’. कोरियाने ३-० अशी बाजी मारली, पण दोन्ही मुलं मोठी होणार हे जाणकारांनी ओळखलं होतं. झालंही तसंच. उझी चीनमधला सर्वांत लोकप्रिय ई-स्पोर्ट्स खेळाडू झाला आणि जून २०२० मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. वर्षानुवर्षांचा ताण, लठ्ठपणा, अवेळी खाणं आणि जागरणं यांमुळे टाइप २ मधुमेह झाल्याचं त्याने स्वतःच सांगितलं. फेकरने नोव्हेंबर २०२५ मध्ये, २९व्या वर्षी, सहावं जागतिक विजेतेपद पटकावलं.

ई-स्पोर्ट्समध्ये पंचविशी म्हणजे म्हातारपण, असं सर्रास म्हटलं जातं. बोटांची चपळाई कमी होते, मग नवी पोरं पुढे जातात, हा त्यामागचा समज. त्यात थोडं तथ्य आहे. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणाऱ्या ३,३०५ जणांच्या खेळाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रतिसादाचा वेग २४व्या वर्षापासूनच किंचित मंदावतो असं दिसलं. मात्र वयाने मोठे खेळाडू कमी हालचालींत काम भागवून ही तूट बरीचशी भरून काढतात, असंही त्याच नोंदी सुचवत होत्या. फरक सेकंदाच्या अगदी लहान भागाचा असतो. तेवढ्यावर कारकीर्द संपत नाही. ती संपते मनगटावर, पाठीवर, झोपेवर आणि उझीच्या बाबतीत रक्तातल्या साखरेवर.

व्यावसायिक खेळाडूचा दिवस बसण्यात जातो. संघाचा सराव, मग स्वतःचा सराव, मग हरलेल्या सामन्यांच्या चित्रफिती पाहणं. दिवसाला दहा-बारा तास खुर्चीत काढणारे संघ या क्षेत्रात नवलाईचे नाहीत. अमेरिका आणि कॅनडातल्या महाविद्यालयीन ई-स्पोर्ट्स खेळाडूंची २०१९ साली पाहणी झाली. ही मुलं पूर्णवेळ व्यावसायिकही नव्हती. तरी निम्म्याहून अधिक जणांचे डोळे शिणत होते, ४२ टक्क्यांची मान-पाठ दुखत होती, ३६ टक्क्यांचं मनगट. ४० टक्के मुलं कसलाही व्यायाम करत नव्हती. आणि डॉक्टरकडे किती जण गेले होते? फक्त २ टक्के. क्रिकेटपटूचा खांदा दुखला तर मैदानाबाहेर फिजिओ उभा असतो. इथे दुखणं सांगणं म्हणजे आपली जागा दुसऱ्याला देणं, ही भीती मोठी आहे. शिवाय ‘बसून तर खेळतोस, तुला काय दुखतंय?’ हा घरचा प्रश्न आहेच.

मनगटात नेमकं काय होतं? बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तिथून कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, मनगटातून बोटांपर्यंत जातात. तळव्याच्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा आणि एक मोठी मज्जातंतू जाते. अव्वल खेळाडू मिनिटाला तीनशेच्या आसपास क्रिया करतो. प्रत्येक क्रियेला जोर अगदी थोडा लागतो, पण मनगट वर उचललेल्या स्थितीत तासन्‌तास तेच चालतं. कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे झीज भरून यायला वेळ लागतो. भरून यायच्या आत पुन्हा सराव सुरू झाला की सूज, मग मज्जातंतूवर दाब, मग मुंग्या. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘क्लाउड९’ संघाचा कर्णधार हाय लॅम मनगटाच्या दुखापतीमुळे बाजूला झाला. जानेवारी २०२१ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ खेळणाऱ्या थॉमस पापारात्तोने अंगठ्या-मनगटाच्या दुखण्यापायी खेळ थांबवला. उझीने २०१९ साली एका जाहिरातीत सांगितलं होतं, की डॉक्टरांच्या मते त्याचे हात चाळिशी-पन्नाशीच्या माणसासारखे झाले आहेत. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

मधुमेहाची गोष्ट अधिक गंभीर, कारण ती दुखत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात, त्यातही मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा इन्शुलिनची फारशी मदत न घेताही तो साखर आत ओढतो. दहा तास बसलेल्या माणसाचं हे दार जवळपास बंद असतं. सगळा भार स्वादुपिंडावर येतो, आणि त्यात भर म्हणून टेबलावर गोड शीतपेय आणि मध्यरात्रीचं जेवण.

जागरणाचा वाटा तर अनेकदा मोजलाच जात नाही. शिकागोतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं. तेवढ्यानेही साखर हाताळण्याची त्यांच्या शरीराची क्षमता स्पष्टपणे घसरली. पुरेशी झोप मिळाल्यावर ती सुधारली, हा त्यातला दिलासा. पण सामन्यांच्या हंगामात सहा रात्री म्हणजे काहीच नाही, उझी आठ वर्षं खेळत होता. औषधं आणि दिनचर्येतल्या बदलांनंतरही प्रकृती पुरेशी सावरली नाही, म्हणून त्याने तेव्हा थांबायचं ठरवलं. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये तो वेगवेगळ्या संघांतून परत खेळला, पण पहिला जोर दिसला नाही.

फेकरला दुखणी आली नाहीत असं नाही. जुलै २०२३ मध्ये हात आणि मनगट दुखू लागल्याने तो सुमारे महिनाभर खेळला नाही. त्याच्याविना संघ एकामागून एक सामने हरत गेला, तरी त्याला विश्रांती घेऊ दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सोलमध्ये त्याच संघाने जागतिक विजेतेपद जिंकलं. दोन खेळाडूंच्या तुलनेवरून सिद्धांत मांडता येत नाही, नशीब आणि अनुवंशही असतातच. पण हंगाम ऐन रंगात असताना एक महिना सोडण्याची तयारी या क्षेत्रात दुर्मीळ आहे, हे खरं.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. पण भारतीय मुलांचं मैदान संगणकापेक्षा मोबाइल आहे, ‘बीजीएमआय’सारखे खेळ हातातच खेळले जातात. त्यामुळे इथे भार अंगठ्यावर येतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखणं आणि भांडं उचलताना कळ येणं ही तिथल्या कंडरांच्या आवरणाला सूज आल्याची खूण. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केरवँ यांनी १८९५ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तान्ही बाळं सतत उचलणाऱ्या आयांमध्ये तो जुनाच आहे. दुसरी गोष्ट साखरेची: भारतीयांना टाइप २ मधुमेह युरोपीय लोकांपेक्षा कमी वयात आणि कमी वजनातही गाठतो. अंगाने बारीक मुलगा आहे, त्याला काय होणार, हा हिशेब इथे चालत नाही.

बोटांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, किंवा विश्रांती घेऊनही अंगठा दोन-तीन आठवडे दुखत असेल, तर मलम चोळत बसू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. पोटाचा घेर वाढलेला, मानेच्या मागची त्वचा काळी-जाडसर झालेली आणि घरात कुणाला मधुमेह असलेला मुलगा रोज पहाटेपर्यंत खेळत असेल, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी या दोन तपासण्या विसाव्या वर्षीही करून घ्याव्यात. आणि खेळ बंद करायला लावून घरात रोज भांडणं होण्यापेक्षा दर तासाला पाच-सहा मिनिटं चालायला उठवणं जमण्यासारखं असतं. खेळाडूंवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात दोन तासांच्या खेळात मध्येच सहा मिनिटं चालायला लावलं, तेव्हा त्यांची विचारशक्ती तल्लख झाल्याचं दिसलं. मुलाला उठवताना हे जरूर सांगावं.