बर्फाने होणारी साफसफाई

बर्फ म्हटले की उन्हाळा, सरबताचा पेला आणि गोळेवाल्याची गाडी आठवते. ताप चढला की डोक्यावर ठेवायची बर्फाची पिशवीही आपल्या परिचयाची आहे. पण साफसफाई करताना कोणी बर्फ शोधू लागले, तर आपल्याला नवल वाटेल. भांड्यांना पावडर, कपड्यांना साबण आणि तेलकट डागांना गरम पाणी ही आपली नेहमीची साधने. तरीही काही हट्टी डागांपुढे साबण आणि गरम पाणी दोन्ही हात टेकतात आणि तेथे बर्फाचा एक खडा काम करून जातो. असे का होते?

प्रथम 'चिकटणे' म्हणजे काय ते पाहू. दोन भिन्न पदार्थांच्या रेणूंमध्ये आकर्षण असते, पण ते अत्यंत अल्प अंतरावरच जाणवते. गुळगुळीत वाटणारी फरशी सूक्ष्मदर्शकातून पाहिली, तर ती खाचखळग्यांनी भरलेली दिसते. तिच्यावर एखादा खडा ठेवला, तर तो मोजक्याच ठिकाणी टेकतो, म्हणून चिकटत नाही. वितळलेले मेण किंवा ओला डिंक मात्र वाहत जाऊन प्रत्येक खाचेत शिरतो. त्याचे असंख्य रेणू फरशीच्या रेणूंच्या अगदी निकट येतात आणि तो घट्ट बसतो. शिवाय मऊ पदार्थ ओढला की ताणला जातो. आपण लावलेला जोर त्याला ताणण्यातच खर्ची पडतो आणि डाग जागच्या जागी राहतो.

यावरून डाग काढण्याच्या दोन वाटा दिसतात. एक म्हणजे पदार्थ इतका पातळ करायचा किंवा विरघळवायचा, की तो वाहून जाईल. साबण आणि गरम पाणी हे काम करतात. दुसरी वाट नेमकी उलट आहे. पदार्थाची ताणले जाण्याची शक्ती काढून घ्यायची, त्याला ठिसूळ करायचे आणि मोडून टाकायचे. ही बर्फाची वाट.

मेणाचे उदाहरण घ्या. वीज गेली की मेणबत्ती लावली जाते आणि सकाळी फरशीवर मेणाचे थेंब दिसतात. नखाने खरवडले तर मेण नखात भरते, पण त्याचा पातळ थर फरशीवर उरतोच. आता प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे घालून ती पिशवी त्या थेंबांवर चार-पाच मिनिटे ठेवा आणि मग जुन्या पट्टीच्या कडेने थेंब उचला. बहुधा तो सबंध खपलीसारखा निघून येईल. येथे दोन गोष्टी घडल्या. मेण थंड होऊन ठिसूळ झाले. शिवाय तापमान उतरले की मेण दगडाच्या कितीतरी पट अधिक आकुंचन पावते. फरशी जवळजवळ आहे तेवढीच राहिली आणि तिच्यावरचे मेण आखडले, त्यामुळे दोहोंमधील जोड सैल झाला.

तुम्ही विचाराल, मग नुसते थंड पाणी का चालणार नाही? थोडा हिशेब करू. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १° से. ने वाढवण्यास १ कॅलरी उष्णता लागते. परंतु ०° से. तापमानाचा १ ग्रॅम बर्फ नुसता वितळण्यासाठीच सुमारे ८० कॅलरी शोषून घेतो. हीच त्याची अप्रकट उष्णता. ५० ग्रॅम बर्फाचे पाणी होताना ४,००० कॅलरी शोषल्या जातात. ०° से. चे ५० ग्रॅम पाणी २०° पर्यंत तापले तरी ते १,००० कॅलरीच घेते. शिवाय पाणी प्रत्येक कॅलरीबरोबर तापत जाते. बर्फ मात्र संपेपर्यंत ०° सोडत नाही.

कापडावर सांडलेल्या मेणासाठी दोन्ही वाटा लागतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बर्फाने वरचा थर मोडून काढावा. धाग्यांत मुरलेले मेण मोडता येत नाही. त्यासाठी कापड दोन टीपकागदांमध्ये ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवावी, म्हणजे वितळलेले मेण कागद शोषून घेतो. आधीच इस्त्री फिरवली, तर सगळे मेण पसरून डाग मोठा होतो.

दुसरे उदाहरण च्युइंग गमचे. बाकाला किंवा बुटाच्या तळव्याला चिकटलेला गम पाण्याने निघत नाही, कारण त्याचा मूळ पदार्थ पाण्यात विरघळत नाही. म्हणून तर तो तासभर चघळता येतो! पूर्वी हा पदार्थ मेक्सिको व मध्य अमेरिकेतील चिकूच्या झाडांच्या चिकापासून बनवीत. होय, ज्याची फळे डहाणू-घोलवडच्या बागांतून आपल्याकडे येतात तेच झाड. आता बहुतेक ठिकाणी रबरासारखे कृत्रिम पदार्थ वापरतात. त्यांचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. उबेत या साखळ्या एकमेकींवरून सरकतात, म्हणून गम ताणला जातो. थंडीत त्यांची हालचाल मंदावते, गम कडक होतो आणि त्याचे तुकडे उचलता येतात.

रबरी पदार्थाचा हा गुण किती गंभीर ठरू शकतो, हे १९८६ साली जगाने पाहिले. २८ जानेवारी रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानाला जोडलेल्या अग्निबाणांच्या सांध्यांत रबरी कडी बसवलेली होती. त्या सकाळच्या थंडीत ती ताठरली आणि सांधा वेळेवर बंद होऊ शकला नाही. चौकशी आयोगाचे एक सदस्य, भौतिकीतील नोबेल पारितोषिक विजेते रिचर्ड फाइनमन यांनी जाहीर सुनावणीत त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तेव्हा काही सेकंद तो मूळ आकारात आलाच नाही. प्रयोगाचे साहित्य किती? पेलाभर बर्फाचे पाणी आणि एक चिमटा!

बर्फाचे तिसरे काम घासण्याचे. अरुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत हात जात नाही. अशा वेळी तिच्यात बर्फाचा चुरा आणि चमचाभर खडेमीठ घालून बाटली हलवतात. वाळू का नको? जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोस यांच्या काठिण्याच्या मापक्रमात बर्फ सुमारे १.५, मीठ सुमारे २.५, काच सुमारे ५.५ आणि वाळूतील क्वॉर्ट्झ ७ या स्थानी येते. अधिक कठीण पदार्थ कमी कठीण पदार्थावर ओरखडा काढतो. म्हणून बर्फ व मीठ मळ खरवडतात, पण काचेला ओरखडे पडत नाहीत. याच धर्तीवर इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात पाण्याच्या नळांसाठी एक पद्धत विकसित झाली. नळातून बर्फाचा दाट लगदा दाबाने ढकलतात आणि तो आतला गाळ पुढे लोटत नेतो. तो मध्येच अडकला तर? काही वेळ थांबायचे, तो आपोआप वितळतो!

मात्र बर्फ सर्व डागांवरचा उपाय नव्हे. हळद, शाई आणि चहा यांचे डाग धाग्यांत भिनलेल्या रंगाचे असतात. तेथे मोडण्यासारखे काही नसतेच, मग बर्फ काय करणार?

धोकेही लक्षात ठेवा. गरम काचेवर बर्फ कधीही ठेवू नका. वरचा भाग एकदम आकुंचन पावतो, आतला तसाच राहतो आणि काच तडकते. थर्मासच्या आतील काच पातळ असते, तेव्हा बर्फ व मिठाची युक्ती तेथे करू नका. बर्फात मीठ मिसळले की मिश्रणाचे तापमान -२१° से. पर्यंत उतरू शकते. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये हीच युक्ती असते. असे मिश्रण हातात धरल्यास कातडीला भाजल्यासारखी इजा होते.

आता एक प्रयोग करून पाहा. काच, फरशी आणि सुती कापड यांवर मेणाचे सारख्या आकाराचे थेंब पाडा. मेणबत्ती पेटवताना शिक्षक किंवा घरातील मोठे माणूस जवळ असू द्या. थेंब थंड झाल्यावर प्रत्येकावर बर्फाची पिशवी ठेवा. कोणता थेंब सर्वांत आधी सुटतो आणि कोणता सुटतच नाही, हे मिनिटांसह वहीत नोंदवा. मग डागांची एक यादी करून प्रत्येकापुढे 'वितळवावा', 'विरघळवावा' की 'मोडावा' ते लिहा. कोणत्या डागावर बर्फ चालेल, हे ती यादीच तुम्हाला सांगेल.