साठवणप्रधान संगणकयंत्रांची निवड : वेग आणि स्थायित्व

मोठा माहितीसाठा हाताळण्यासाठी संगणक निवडताना बहुतेकांची दृष्टी प्रथम त्याच्या गणनशक्तीकडे जाते. परंतु अशा कामात गणना करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, अनेकदा रिकामा बसून डिस्कवरून माहिती येण्याची वाट पाहत असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी क्लाउडवर भाड्याने मिळणाऱ्या यंत्रांत एक स्वतंत्र वर्ग निर्माण झाला आहे. त्यास साठवणप्रधान यंत्रे असे म्हणता येईल. ही यंत्रे वेगवान का असतात, कोणत्या कामास ती योग्य ठरतात आणि त्यांच्यावर काय ठेवू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संज्ञांचा अर्थ

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. क्लाउड म्हणजे दूरच्या संगणककेंद्रातील यंत्रसामग्री भाड्याने वापरण्याची व्यवस्था होय. अशा केंद्रातील एका प्रत्यक्ष संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक विभाग पाडले जातात आणि प्रत्येक विभाग ग्राहकास स्वतंत्र संगणकाप्रमाणे वापरावयास मिळतो. यालाच व्हर्च्युअल मशीन किंवा आभासी यंत्र म्हणतात. ॲमेझॉनने अशी यंत्रे २००६ साली उपलब्ध करून दिली. महाराष्ट्रात मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गुगलने २०१७ साली मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. त्यामुळे ही सेवा घेण्यासाठी आज परदेशातील केंद्राकडे जाण्याची गरज उरलेली नाही.

२. साठ्याचे तीन प्रकार

क्लाउडवरील साठा मुख्यतः तीन प्रकारचा असतो. हे तीन प्रकार वेगवेगळे ओळखल्याशिवाय निवडीचा विचार करता येत नाही.

पहिला प्रकार ऑब्जेक्ट स्टोरेजचा. ॲमेझॉनची २००६ सालची एस-३ ही सेवा त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. येथे ठेवलेली फाइल कोणत्याही एका यंत्राची नसते. तिचा साठा एकमेकांपासून अलग असलेल्या अनेक केंद्रांत विभागून ठेवला जातो. हा प्रकार स्वस्त व टिकाऊ आहे, परंतु लहान लहान तुकडे वारंवार वाचण्यास तो संथ पडतो.

दुसरा प्रकार नेटवर्क डिस्कचा. ही डिस्क यंत्रापासून दूर असते व नेटवर्कद्वारे त्यास जोडलेली असते. यंत्र बंद केले तरी ती शिल्लक राहते आणि दुसऱ्या यंत्रास जोडता येते.

तिसरा प्रकार स्थानिक डिस्कचा. आपले आभासी यंत्र ज्या प्रत्यक्ष संगणकावर चालते, त्याच्याच पेटीत ही डिस्क बसविलेली असते. मधला नेटवर्कचा प्रवास टळत असल्यामुळे ती अत्यंत वेगवान असते. साठवणप्रधान यंत्राचे सामर्थ्य ते हेच.

मात्र त्याची मर्यादाही येथेच आहे. यंत्र बंद केले की प्रत्यक्ष संगणकातील आपली जागा मोकळी होऊन दुसऱ्या ग्राहकास दिली जाते. पुन्हा सुरू केलेले यंत्र बहुधा निराळ्याच संगणकावर उभे राहते आणि त्यास जुनी डिस्क मिळत नाही. केवळ रीस्टार्ट केल्याने माहिती जात नाही, परंतु यंत्र बंद केल्यास, काढून टाकल्यास किंवा खालची डिस्क बिघडल्यास स्थानिक साठा नष्ट होतो. हा सेवेतील दोष नव्हे. डिस्क संगणकाच्या पेटीत असणे हे ज्याप्रमाणे वेगाचे कारण आहे, त्याचप्रमाणे ते या अस्थैर्याचेही कारण आहे.

३. वाचनाच्या दोन रीती

काम क्रमवार वाचनाचे आहे की विखुरलेल्या वाचनाचे, हे पाहणे आवश्यक असते. क्रमवार वाचनात फाइल आरंभापासून शेवटपर्यंत सलग वाचली जाते. विखुरलेल्या वाचनात साठ्यातील कोठलाही लहानसा तुकडा कोणत्याही क्षणी मागितला जातो.

हार्ड डिस्कची चकती मिनिटास ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदास १२० वेळा फिरते. हवा असलेला तुकडा वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. शीर्ष जागेवर सरकण्याचा वेळ त्यात मिळविला असता सेकंदाला जेमतेम शंभरेक विखुरलेली वाचने होतात. या हिशेबाने एक लाख नोंदी वाचण्यास सतरा मिनिटे लागतील. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. ॲमेझॉनच्या २०१७ सालच्या आय-३ वर्गातील सर्वांत मोठ्या यंत्रात १.९ टेराबाइटच्या आठ एसएसडी असून, ४ किलोबाइटची विखुरलेली वाचने सेकंदास ३३ लाखांपर्यंत होऊ शकतात, असे कंपनीने जाहीर केले होते.

यावरून या वर्गाचे दोन उपवर्ग कळून येतात. ॲमेझॉनची आय-३ व २०२२ सालची आय-४-आय, मायक्रोसॉफ्टची एल मालिका आणि गुगलची २०२४ सालची झेड-३ ही एसएसडीची यंत्रे विखुरलेल्या वाचनासाठी, म्हणजे डेटाबेस व शोधसूची यांसाठी आहेत. ॲमेझॉनची डी-३ व डी-३-ईएन ही यंत्रे मात्र हार्ड डिस्कची आहेत. डी-३-ईएनच्या सर्वांत मोठ्या आकारात १४ टेराबाइटच्या २४ डिस्का, म्हणजे सुमारे ३३६ टेराबाइट जागा मिळते. प्रचंड फाइली सलग वाचावयाच्या असतील तर ती योग्य ठरतात. त्यांच्यावर डेटाबेस चालविणे म्हणजे मालगाडीकडून टपालवाटपाची अपेक्षा करणे होय.

४. एक बोधप्रद उदाहरण

डिस्कॉर्ड ही निरोपांची देवाणघेवाण करणारी सेवा लक्षावधी कोटी निरोप साठविते. तिचे डेटाबेस गुगलच्या क्लाउडवर चालतात. नेटवर्क डिस्कचा विलंब तिला परवडत नव्हता. स्थानिक एसएसडी वेगवान होती, परंतु तिच्या भरवशावर मूळ माहिती ठेवणे धोक्याचे होते. तिच्या अभियंत्यांनी काढलेला मार्ग २०२२ साली प्रकट करण्यात आला. त्यांनी स्थानिक एसएसडी व नेटवर्क डिस्क यांची जोडी करून प्रत्येक लेखन दोन्हींवर केले आणि वाचन मात्र शक्य तेथवर स्थानिक एसएसडीवरूनच होईल अशी योजना केली. स्थानिक साठा गेला तरी नेटवर्क डिस्कवरून तो पुन्हा भरता येतो. वेग एकीकडून घेतला आणि स्थायित्व दुसरीकडून, एवढेच या योजनेचे मर्म आहे.

दुसरा मार्ग अनेक यंत्रांवर प्रती ठेवण्याचा. हडूपच्या फाइलव्यवस्थेत प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवण्याचा मूळ प्रघात आहे. त्यामुळे एक यंत्र गेले तरी माहिती जात नाही. परंतु खर्च वाचविण्यासाठी रात्री सर्वच यंत्रे एकदम बंद केली आणि तिन्ही प्रती स्थानिक डिस्कवरच असल्या, तर सकाळी एकही प्रत उरणार नाही, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

५. मोठा साठा म्हणजे साठवणप्रधान यंत्रच काय?

असे मानण्याकडे पुष्कळांचा कल असतो, पण ते बरोबर नाही. एखाद्या संस्थेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. समजा, प्रत्येकी ३०० पृष्ठांचे १,००० ग्रंथ स्कॅन करावयाचे आहेत, म्हणजे एकूण ३ लाख पृष्ठे झाली. ए-४ आकाराचे पृष्ठ ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केल्यास असंकुचित प्रतिमा सुमारे २६ मेगाबाइटची होते. म्हणजे सर्व साठा ७.८ टेराबाइटचा झाला. आकडा मोठा दिसतो. परंतु या प्रतिमांवरून अक्षरे ओळखण्याच्या कामात प्रत्येक पृष्ठ एकदाच वाचले जाते आणि खरा वेळ गणनेत जातो. येथे डिस्कची नव्हे, तर प्रोसेसरची वाट पाहावी लागते. साठवणप्रधान यंत्र घेतल्यास न वापरलेल्या वेगाचे भाडे भरावे लागेल.

पुढे त्या पृष्ठांतील मजकुरात शोध घ्यावयाचा असेल तर? देवनागरी पृष्ठात २,००० अक्षरचिन्हे धरली आणि प्रत्येकास युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत ३ बाइट लागतात हे लक्षात घेतले, तर सर्व मजकूर १.८ गिगाबाइटचा होतो. तो साध्या यंत्राच्या स्मृतीतही मावेल. पाली वाङ्मयाच्या अभ्यासकांना याचा अनुभव जुनाच आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अट्ठकथांसह तिपिटक १९९० च्या दशकात एका सीडीवर उपलब्ध करून दिले होते. मजकुराचा भार अल्प असतो. भार असतो तो प्रतिमा, ध्वनी आणि चलच्चित्रे यांचा.

तात्पर्य, साठा किती मोठा आहे यापेक्षा तो किती वेळा व कोणत्या रीतीने वाचला जातो, हे निर्णायक असते. आहे त्या यंत्रावर काम चालवून प्रोसेसर किती वेळ डिस्कसाठी थांबतो, हे आधी मोजावे आणि मगच यंत्र बदलावे.

६. निवडीपूर्वीचे प्रश्न

पहिला प्रश्न : डिस्कवरचा साठा मूळ आहे की पुन्हा करता येण्याजोगी प्रत? स्थानिक डिस्कवर केवळ प्रतच ठेवावी.

दुसरा प्रश्न : साठा गेल्यास तो परत भरण्यास किती वेळ लागेल? वरील ७.८ टेराबाइट सेकंदास १२५ मेगाबाइट या वेगाने भरण्यास १७ तास २० मिनिटे लागतात. सेकंदास १.२५ गिगाबाइट वेग मिळाल्यास पावणेदोन तास पुरतात. तेवढा काळ काम थांबलेले चालेल काय, याचा निर्णय आधीच झाला पाहिजे.

तिसरा प्रश्न : प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांचे प्रमाण आपल्याला मानवते काय? या वर्गांत हे प्रमाण ठरलेले असते. केवळ जागेसाठी मोठे यंत्र घेतल्यास नको असलेल्या प्रोसेसरचेही भाडे पडते.

चौथा प्रश्न : मूळ साठा कोठे आहे? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्रास आग लागून एक पाच मजली इमारत भस्मसात झाली. रस्ट या खेळाच्या युरोपातील २५ सर्व्हरवरील माहिती त्यात कायमची गेली. म्हणून एक प्रत तरी दुसऱ्या गावी असावी, आणि ती प्रत्यक्ष उघडून वेळोवेळी तपासलेली असावी.

ज्या संस्थांनी वर्गणी गोळा करून जुनी नियतकालिके, छायाचित्रे व भाषणांच्या ध्वनिफिती जमविल्या, त्यांना हा अखेरचा प्रश्न विशेष लागू आहे. साठवणप्रधान यंत्र कामापुरते घ्यावे व काम संपताच परत करावे. परंतु ते बंद करण्याचे बटण दाबण्यापूर्वी मूळ साठा दुसरीकडे सुरक्षित असल्याची खात्री एका जबाबदार व्यक्तीने स्वतः पाहून करून घ्यावी.