होम थिएटर : खोक्यावरचा आकडा आणि कानावर पडणारा आवाज

‘डॉल्बी’ हा शब्द आपल्याकडे बदनाम झाला आहे. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली, खिडक्यांची तावदाने हादरवणारी स्पीकरची भिंत म्हणजे डॉल्बी, असेच गावोगाव समजले जाते. वास्तविक हे एका माणसाचे आडनाव. रे डॉल्बी हे अमेरिकन इंजिनिअर १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतातच होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला कंपनी काढली, आणि तिचे पहिले यंत्र होते टेपवरची खरखर कमी करण्याचे! असो. आमचा आजचा विषय भिंतीचा नाही, घरातल्या होम थिएटरचा आहे.

सायखेड्यात पिंपळगाव बसवंत बाजार समितीच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव होतो. कांद्याला भाव मिळाला की घराचे काम निघते, हॉलमध्ये मोठा टीव्ही येतो आणि त्यामागोमाग होम थिएटर. हे बसवण्याचे काम वायरमन, टीव्ही दुरुस्त करणारे आणि सुतार यांच्या हातचे आहे. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेल्यापासून दुरुस्तीची कमाई आटली, त्या बांधवांनी या कामाकडे जरूर पाहावे. मात्र आधी ते नीट समजून घ्यावे.

सायखेड्यात एका परिचितांच्या घरी नुकताच बसवलेला सेट आम्ही ऐकला. खोक्यावर ‘५.१’ आणि काही हजार वॉट छापलेले. पण पाचही पेट्यांतून एकच आवाज, एकाच वेळी. मागे पाहिले तर सेटला फक्त ऑक्स आणि ब्लूटूथ. एचडीएमआय नाही, ऑप्टिकल नाही. म्हणजे आत दोनच वाटांचा आवाज शिरणार आणि तोच पाच पेट्यांत वाटला जाणार. विकणाऱ्याने हात झटकले. बोल लागला तो तारा जोडून देणाऱ्या वायरमनला, ज्याने सेट विकलाच नव्हता.

तेव्हा आकड्यांचा अर्थ आधी पाहू. ५.१ म्हणजे समोर डावा, मधला व उजवा, मागच्या बाजूस दोन, आणि .१ म्हणजे फक्त खर्जाचा सबवूफर. या सहाही वाटांवर वेगवेगळा आवाज असतो. ७.१ मध्ये पाठीमागे आणखी दोन येतात. ५.१.२ मधला शेवटचा दोनचा आकडा छतावरच्या स्पीकरचा. तो डॉल्बी अॅटमॉस किंवा डीटीएस एक्ससाठी. डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहात १९९२ मध्ये आले, डीटीएस १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’बरोबर, आणि अॅटमॉस २०१२ मध्ये. गिऱ्हाईक ‘डॉल्बी चांगले की डीटीएस’ विचारते. आमच्या मते घरात या वादात अर्थ नाही. चित्रपट ज्या पद्धतीत मिळेल ती पद्धत रिसीव्हरला उलगडता आली पाहिजे, एवढेच पाहावे. वॉटच्या बाबतीत पीएमपीओचा आकडा सोडून द्यावा, आरएमएस विचारावा.

पुढचा प्रश्न, घरात येणारा आवाज मुळात किती वाटांचा आहे? केबल व डिशवरच्या बहुतेक वाहिन्या आणि यूट्यूबवरचा बहुतेक माल दोनच वाटांचा असतो. रिसीव्हर तो पाच पेट्यांत पसरवू शकतो, पण तो अंदाज, अस्सल नव्हे. ओटीटीवरच्या अनेक चित्रपटांना ५.१ असते, काहींना अॅटमॉस. ब्ल्यू-रेवर सर्वांत भरघोस. म्हणून ज्या घरी बातम्या, मालिका आणि गाणीच चालतात, त्यांना दोन चांगले स्पीकर सुचवावेत. बिल लहान होईल, पण ते गिऱ्हाईक परत येईल.

केबलमध्ये फार फसगत होते. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय भोके असतात, पण आवाज बाहेर येतो तो ज्यावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिले आहे त्याच भोकातून. ऑप्टिकल तारेतून साधे ५.१ जाते, अॅटमॉस जात नाही. एआरसीतून ओटीटीचे अॅटमॉस जाते. ब्ल्यू-रेचा पूर्ण आवाज टीव्हीमार्गे न्यायचा तर ईएआरसी लागते. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर राहिला तर बहुधा दोनच वाटा बाहेर पडतात. तो ‘बिटस्ट्रीम’, ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’वर करावा. हजारो रुपयांचा सेट या एका बटणापायी मुका राहतो. रिसीव्हरच्या पडद्यावर कोणती पद्धत चालू आहे ते लिहून येते. गिऱ्हाइकाला ते दाखवूनच घर सोडावे.

आता मांडणी. टेप घ्या. बसण्याच्या जागेपासून समोरचे दोन स्पीकर जितके लांब, तितकेच ते एकमेकांपासून लांब ठेवावेत. मधला स्पीकर टीव्हीखाली, पण सुताराने केलेल्या कप्प्यात आत ढकलू नये. तोंड कडेला आणून कानाकडे किंचित वर करावे. संवाद मुख्यतः त्यातूनच येतात. ‘बोलणे ऐकू येत नाही, मारामारी मात्र कान फोडते’ ही तक्रार बहुधा या कप्प्यातली असते. मागचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला, थोडे मागे सरकवून, कानाच्या उंचीवर किंवा जरा वर. समोरची दिशा शून्य धरली तर ११० ते १२० अंश. अनेक जण ते छताच्या कोपऱ्यात टांगतात, ते चूक. छताकडे तोंड करून आवाज परतवणारे अॅटमॉस स्पीकर सपाट स्लॅबखालीच काम देतात. उतरत्या पत्र्याखाली ते विकू नयेत.

सबवूफरला कोपरा आवडतो असे म्हणतात, पण तिथे तो घुमतो. सोपी युक्ती अशी, सबवूफर क्षणभर सोफ्याच्या जागी ठेवून वाजवावा आणि आपण भिंतीकडेने खाली वाकून फिरावे. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल तीच त्याची जागा. लहान पेट्या असतील तर ८० हर्ट्झखालचे काम त्याच्याकडे सोपवावे.

तारेत लाल-काळे उलटे झाले तर आवाज बंद पडत नाही, खर्ज मात्र गळून जातो, म्हणून चूक लवकर सापडत नाही. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. पडदा बाहेर सरकला तर सेलचे धन टोक जिथे लागले तेच स्पीकरचे धन टोक. त्यानंतर रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरावे. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, हा हिशेब यंत्र स्वतः करते. सोबत माइक असेल तर तोच वापरावा, पण नंतर आकडे डोळ्यांखालून घालावेत.

फरशी, प्लास्टर आणि काचा असलेल्या हॉलमध्ये आवाज घुमतो. जाड सतरंजी आणि पडदे टाकले की निम्मे काम होते. घराचे काम चालू असेल तर प्लास्टरआधीच मागच्या दोन्ही बाजूंना दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार ओढून ठेवावी, विजेच्या पाइपापासून वेगळी. एचडीएमआयला एक इंची पाइप आणि गोल वळण द्यावे.

सायखेड्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले होते. नदीकाठच्या घरात रिसीव्हर आणि बोर्ड कमरेच्या वर घ्यावेत. जमिनीवर एकटा सबवूफर राहू द्यावा आणि त्याच्या तारा हाताने ओढताच सुटतील अशा जोडाव्यात, म्हणजे रात्री पाणी चढू लागले तर घरातले कोणीही त्याला उचलून माळ्यावर ठेवील.