वसंतातील एक फसवी माशी

वसंतातल्या व्याख्यानाला माशीचा विषय, हे ऐकून कोणी नाक मुरडले तर आम्हास नवल वाटणार नाही. पण ही माशी वसंताचीच आहे. इंग्लंडमध्ये मार्चच्या सुमारास पहिली फुले उमलली, की एक लवदार, तपकिरी कीटक फुलापुढे हवेत जागच्या जागी तरंगत लांब सोंडेने मध शोषताना दिसतो. पाहणारा म्हणतो, मधमाशीच ही!

शास्त्र मात्र रूपाला भुलत नाही. ते पंख मोजते. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी गदेसारखे दोन इवले अवयव असतात. ते उडताना तोल राखतात. म्हणजे हिचा गण आपल्या घरमाशीचा. हिची सोंड फुलासाठी आहे. ती आपल्याला चावत नाही, डंखही करीत नाही. प्रजातीचे ‘बाँबिलिअस’ हे नाव लिनीयसने १७५८ साली दिले. त्याच्या मुळाशी गुणगुणणाऱ्या कीटकाचा ग्रीक शब्द आहे. पुढे जाती ओळखतानाही पंखच कामी येतात. ‘मेजर’ या जातीच्या पंखाची पुढची कड काळसर असते, तर ‘डिस्कलर’च्या पंखांवर ठिपके असतात.

आता हिचा संसार पाहू. काही मधमाश्या पोळे न बांधता जमिनीत एकेकटी बिळे करतात. मादी प्रथम पोटाच्या टोकाशी असलेल्या कप्प्यात धूळ भरून घेते, तिने अंडी माखते आणि उडता उडताच ती बिळाच्या तोंडाशी भिरकावते. अंड्यातून निघालेली चपळ अळी बिळात शिरते. कात टाकल्यावर ती मंद व जाडजूड होते आणि मधमाशीच्या अळीला बाहेरून चिकटून तिचा जीवनरस शोषते. पुढे कोशाच्या डोक्यावरील काट्यांनी माती उकरीत ती वर येते, तेव्हा पुन्हा वसंत आलेला असतो.

मग हिला मित्र म्हणावे की शत्रू? बालपणी ही मधमाशीचे घर बुडवते. मोठेपणी तिच्याप्रमाणेच फुलाफुलांवर पराग नेते. ‘उपकारक’ आणि ‘उपद्रवी’ हे रकाने आपल्या खतावणीतले. निसर्गाच्या वहीत ते नाहीत. मधमाश्यांची उघडी जमीन फरशीखाली गेली, तर ही माशीही जाते. म्हणून जेथे ही गुणगुणते, तेथे जमिनीखाली मधमाश्या नांदत आहेत असे खुशाल समजावे.